टॅब म्हातारा कधी होतो?

पुण्याजवळच्या माणच्या गावठाणातून मेगापोलिस संकुलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोबाईल दुरुस्तीचे एक छोटेसे दुकान आहे. काचेचे एक कपाट, एक टेबल, टेबलावर भिंग लावलेला दिवा, बस्स. गेल्या मार्चमध्ये मी माझा सहा वर्षांचा टॅब तिथे घेऊन गेले. तक्रार साधी होती. चार्जिंग टिकत नाही आणि अधूनमधून तो नुसता गरगर फिरणारे वर्तुळ दाखवत बसतो.

"ताई, किती वर्षं झाली?" दुकानातल्या मुलाने विचारले.

"सहा."

"मग आता याच्यावर खर्च कशाला करताय? नवीनच घ्या ना."

टॅब अजून माझ्या हातातच होता. त्याने तो उघडला नव्हता, चालू करूनही पाहिला नव्हता. नाडी न पाहता नुसते वय विचारून वैद्याने निदान करावे, तसे झाले. त्याचा राग आला नाही, कारण घरीही सगळे हेच म्हणत होते आणि खरे तर मीही मनातून तेच ठरवून निघाले होते. पण परत येताना एक प्रश्न डोक्यात राहिला. टॅबचे वय वर्षांत मोजायचे असते का?

हा प्रश्न माणमध्ये पडावा हे साहजिक आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा बराचसा भाग माणच्या शिवारात उभा आहे. शिवाजीनगरहून निघणारी मेट्रोची २३ किलोमीटरची तिसरी मार्गिका इथपर्यंत आखलेली आहे आणि तिचा डेपोही इथलाच. जिथे पूर्वी भाताची खाचरे होती तिथे आज सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या लिहिल्या जातात. त्याच गावातल्या घराघरांत जुन्या आवृत्तीवर अडकलेला एखादा टॅब टीव्हीखालच्या कप्प्यात पडून असतो. तो टाकायचा, दुरुस्त करायचा की तसाच वापरायचा, हे ठरवता येते. फक्त त्यासाठी टॅबच्या आत काय काय झिजते ते समजून घ्यावे लागते, कारण तिथला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने म्हातारा होतो.

सर्वांत आधी थकते ती बॅटरी.

आपल्या टॅबमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती पहिल्यांदा बाजारात आणली सोनी कंपनीने, १९९१ साली. जिच्यामुळे खिशातला फोन आणि मांडीवरचा टॅब शक्य झाला त्या या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. नोबेल मिळवणाऱ्यांत इतके वयस्कर दुसरे कोणी नाही.

बॅटरीत दोन टोके असतात. एक ग्रॅफाइटचे, दुसरे धातूच्या ऑक्साइडचे. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडकडून ग्रॅफाइटकडे जातात, वापरताना उलटे परततात. रोजची ही ये-जा बिनखर्चाची नसते. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर अगदी पहिल्या चार्जिंगपासून एक पातळ साय धरते. ती हवीच, तिच्यामुळे आतला द्राव सुरक्षित राहतो. पण ही साय हळूहळू जाड होत जाते आणि जाड होताना थोडे थोडे लिथियम स्वतःत अडकवून ठेवते. अडकलेले लिथियम पुन्हा फेरीला येत नाही. म्हणून दोन वर्षांनी शंभर टक्के चार्ज दाखवणारी बॅटरी प्रत्यक्षात नव्या बॅटरीच्या ऐंशी टक्केच असू शकते. आयपॅडच्या बॅटऱ्या एक हजार पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतील अशा बेताने बनवल्या आहेत, असे ॲपल सांगते. फेरी म्हणजे प्लग लावण्याची वेळ नव्हे. आज चाळीस टक्के आणि उद्या साठ टक्के वापरले, की मिळून एक फेरी.

याच सायीमुळे आणखी एक गोष्ट होते, जिचा अर्थ बहुतेकांना लागत नाही. बॅटरीचा अंतर्गत विद्युतरोध वाढतो. तुम्ही नुसते वाचत असता तेव्हा टॅब थोडी वीज मागतो आणि सगळे ठीक चालते. व्हिडिओ कॉल लावला की मागणी एकदम वाढते, बॅटरीचा विद्युतदाब खाली बसतो आणि वीस टक्के शिल्लक दिसत असताना टॅब बंद पडतो. लोक म्हणतात, "मदरबोर्ड गेला." बऱ्याचदा मदरबोर्ड धडधाकट असतो.

या सायीला वाढायला दोन गोष्टी आवडतात: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेले असणे. एप्रिल-मेच्या उन्हात इन्फोटेक पार्कच्या फेज थ्रीमधल्या उघड्या पार्किंगमध्ये बंद गाडीत राहिलेला टॅब एका दुपारीही पुष्कळ सोसतो. मुलांच्या अभ्यासासाठी टेबलावर उभा करून चोवीस तास चार्जरला लावलेला टॅबही असाच अकाली थकतो. आता बऱ्याच नव्या उपकरणांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ती सुरू करावी. आणि पडदा कडेने उचलला गेल्यासारखा दिसला, मागची बाजू फुगली, तर चार्जिंग तिथल्या तिथे थांबवावे. आत वायू साठलेला असतो. अशी बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची नाही, मुलांच्या हाती तर मुळीच द्यायची नाही.

पण बॅटरी बदलता येते. मला दुकानात अडीच हजार सांगितले. टॅबच्या सगळ्या दुखण्यांत हे एकच असे आहे की ज्यावर इतक्या कमी पैशांत जवळजवळ पूर्ण इलाज होतो. नेमक्या याच दुखण्यापायी पुष्कळ टॅब कप्प्यात जातात, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरे दुखणे साठवणुकीचे, म्हणजे स्टोरेजचे. टॅबमधल्या फ्लॅश मेमरीचा एक विचित्र नियम आहे. तीत लिहिता येते लहान लहान पानांवर, पण पुसायचे तर मोठा गठ्ठाच्या गठ्ठा पुसावा लागतो. मोकळी जागा भरपूर असेल तर हे कळतही नाही. मेमरी काठोकाठ भरली की एखादे नवे पान लिहिण्यासाठी आधी गठ्ठ्यातली कामाची पाने दुसरीकडे हलवायची, मग गठ्ठा पुसायचा, मग लिहायचे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तसूभर जागा नसताना पोळ्या लाटायला बसावे, तसे. पोळी लाटण्यापेक्षा भांडी हलवण्यातच वेळ जातो. त्यातून स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी जातीची मेमरी असते, ती एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते, एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडणाऱ्या अरुंद पुलासारखी. महागातल्या यूएफएस मेमरीत दोन्ही बाजू एकदम चालतात. ३२ जीबीच्या टॅबवर 'हँग होतो' अशी तक्रार असेल, तर आधी व्हॉट्सॲपमधले सुप्रभातचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ काढून पाहावेत. पाचवा हिस्सा जागा मोकळी झाली की पुष्कळदा टॅबला जीव आल्यासारखा वाटतो. न वाटल्यास दुखणे पुढचे आहे.

पुढचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे. इथे मात्र आपल्या हातात थोडे असते, आणि म्हणून इथेच नीट पाहावे लागते.

स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये एक लेख लिहिला होता. यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून वेगाने सॉफ्टवेअर जड होत जाते, हे त्याचे सार. तीस वर्षांनंतरही ते तितकेच लागू आहे. म्हणजे अशा वेळी तुमचा टॅब हळू झालेला नसतो. तो पहिल्या दिवशी जेवढे काम करत होता तेवढेच आजही करतो. त्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे वाढलेले असते.

पहिला आयपॅड २०१० मध्ये विक्रीला आला, रॅम २५६ एमबी. वर्षभराने दुसरा आला, रॅम ५१२ एमबी. दुकानात शेजारी ठेवले असते तर कॅमेरे आणि जाडी सोडून फार मोठा फरक कोणाला जाणवला नसता. पहिला आयपॅड २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीवरच थांबला. दुसऱ्याला २०१६ पर्यंत, नवव्या आवृत्तीपर्यंत नव्या प्रणाली मिळत राहिल्या. एका वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन उपकरणांच्या आयुष्यात इतकी तफावत पडली. २०१२ च्या शेवटी आलेल्या चौथ्या आयपॅडचे तर आणखीच वेगळे झाले. त्याचे हातपाय धड होते, पण त्याचा प्रोसेसर ३२ बिटचा होता आणि २०१७ च्या अकराव्या आवृत्तीपासून ॲपलने ३२ बिटचा आधारच काढून घेतला. अँड्रॉइडवरही तेच. क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या अखेरीपासून अँड्रॉइड ७ वर येणे बंद झाले.

म्हणून टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन एक तारीख पाहावी: शेवटचा सुरक्षा अपडेट कधीचा आहे. तो दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर त्या टॅबवर बँकेचे ॲप, यूपीआय, आधारशी जोडलेले काही ठेवू नये, मग बॅटरी कितीही छान असो. त्यावर अडीच हजार घालण्यातही अर्थ नाही. तीन-चार महिन्यांपूर्वीचा असेल, तर टॅब तरुण आहे. नवा टॅब घेतानाही किमतीच्या पाटीआधी हेच विचारायला हवे. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी टॅब एस १० मालिकेला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले; स्वस्तातल्या टॅबना ते याहून पुष्कळ कमी मिळते. यात एक मेख आहे. ही वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या अडीच वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे अर्धे आयुष्य कदाचित गोदामातच सरलेले असते.

ओझे वाढले की माणसाचे काय होते, याचे महाराष्ट्राने पाहिलेले उदाहरण टॅबचे नाही, फोनचे आहे. तरी ते इथे सांगायलाच हवे.

राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास सरकारने कामासाठी मोबाईल दिले. मुलांची वजने-उंच्या, गरोदर बायकांच्या भेटी, आहारवाटप, सगळ्या नोंदी त्यावर करायच्या. फोनची रॅम होती दोन जीबी. २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले आणि त्या फोनना ते पेलेना. फोन तापायचे, अडकायचे, बंद पडायचे. दुरुस्तीचा खर्च आधीच तुटपुंजे मानधन मिळणाऱ्या सेविकांच्या पदरात पडू लागला. वर ॲप इंग्रजीतून. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन परत करण्याचे आंदोलन केले. प्रकल्प कार्यालयांत जाऊन त्यांनी फोनचे ढीग सरकारच्या स्वाधीन केले.

मला या घटनेत तंत्रज्ञानाचा एक मोठा धडा दिसतो. ते फोन मोडलेले नव्हते. जुन्या कामाला ते पुरत होते. काम बदलले, पण काम बदलणाऱ्यांनी हत्यार बदलले नाही, आणि ते न चालल्याचा दोष हत्यार धरणाऱ्या बाईच्या माथी आला. जिथे वापरणारा एक आणि ठरवणारा दुसरा असतो तिथे नवे उपकरण घ्यावे का, या प्रश्नाला आणखी एक बाजू येते. शाळा, ग्रामपंचायत, संस्था यांच्यासाठी टॅब घेणाऱ्यांनी आजच्या ॲपला पुरेल एवढीच रॅम घेऊ नये. चार वर्षांनंतरच्या ॲपचा अंदाज करून घ्यावी, आणि बॅटरी-दुरुस्तीचे पैसे पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरावेत. महाज्योतीसारख्या संस्था जेईई-नीटच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना मोफत टॅब देतात. गावातल्या एखाद्या मुलीच्या हातात घरातले ते पहिलेच स्वतःचे उपकरण असते. परीक्षेआधी दोन महिने त्याची बॅटरी बसली तर ती कोणी बदलायची, याचे उत्तर तिच्याजवळ आधीपासून असायला हवे.

नवे घेणे चूकच, असे मात्र मी म्हणत नाही. काही वेळा नवी पिढी खरोखर वेगळी असते. विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी 'आकाश' टॅब आठवतो? ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी तो आणला. सरकारला साधारण सव्वादोन हजारांना पडलेला, २५६ एमबी रॅमचा. त्याचा पडदा रेझिस्टिव्ह जातीचा होता, म्हणजे दोन पातळ थर बोटाने दाबून एकमेकांना टेकवायचे, तेव्हा कुठे स्पर्श कळणार. लिहिताना बोट दुखायचे. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'आकाश २' आला, ज्यामागे मुंबईची आयआयटी होती. त्याचा पडदा कपॅसिटिव्ह होता, बोटातल्या विद्युतभाराचा नुसता सुगावा लागला की पुरे. रॅम दुप्पट, प्रोसेसर कितीतरी जलद. एका वर्षात झालेला तो बदल कागदावरचा नव्हता, बोटाला कळणारा होता.

आणि आपल्या भाषेचे काय झाले ते तर विसरूच नये. त्या काळच्या बहुतेक अँड्रॉइड उपकरणांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, नाहीतर जोडाक्षरे तुटत. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. पुढच्या आवृत्त्यांत ते हळूहळू सुधारले आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मराठी ही प्रणालीची एक भाषा म्हणून आली. ज्यांच्या जुन्या टॅबला ती आवृत्ती मिळणार नव्हती त्यांनी त्या वर्षी नवा घेतला असेल, तर ते पैसे सार्थकी लागले असे मी बेलाशक म्हणेन. आईला स्वतःच्या भाषेत वाचता येणे ही चैन नव्हे.

आजच्या दोन लागोपाठच्या पिढ्यांत असा फरक क्वचित असतो. जाहिरात प्रोसेसरच्या वेगाची असते. पुस्तक वाचणाऱ्याला, कीर्तन ऐकणाऱ्याला, ऑनलाइन तासाला बसणाऱ्याला त्या वेगाचा उपयोग नसतो. पडद्याचे दर सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा ताजे होणे डोळ्यांना सुखावते, पण ते नसल्याने काही अडत नाही. चित्रे काढणारा, व्हिडिओ जोडणारा, वास्तुविशारद यांची गोष्ट वेगळी. त्यांचा वेळच पैसा असतो. त्यांनीही पेनकडे मात्र लक्ष द्यावे. ॲपलच्या पेन्सिलीच्या पिढ्या एकमेकींच्या आयपॅडवर चालतीलच असे नसते. टॅब बदलला की चांगले पेन बाद होते आणि हिशेबात नसलेले काही हजार वाढतात. चित्रपटांसाठी टॅब घेणाऱ्यांनी वाइडवाइन एल १ हे चित्रपटांच्या सुरक्षेचे प्रमाणन आहे का, एवढे नक्की विचारावे. ते नसेल तर कितीही सुरेख पडद्यावर नेटफ्लिक्सचे चित्र धूसरच दिसते, कारण चांगल्या प्रतीचे चित्र अशा उपकरणाला पाठवलेच जात नाही.

पैशांचा हिशेब मी असा मांडला. पस्तीस हजारांचा नवा टॅब सात वर्षे चालला, तर वर्षाला पाच हजार. जुन्यात अडीच हजारांची बॅटरी घातली आणि तो दोन वर्षे आणखी चालला, तर वर्षाला साडेबाराशे. शिवाय दोन वर्षांनी घेतलेला टॅब तेवढाच नवा असेल, त्याचे अपडेटही तेवढे पुढचे. विजेची बचत वगैरे कारणे मात्र कोणी सांगू नयेत. तीस वॉट-अवरची बॅटरी रोज पूर्ण भरली तरी वर्षाला अकरा-बारा युनिटच्या वर जात नाही. पर्यावरणाचा खरा भार पडतो तो टॅब तयार होताना. त्याच्या आयुष्यभराच्या कार्बनचा मोठा हिस्सा तुमच्या हाती येण्याआधीच हवेत गेलेला असतो.

निर्णयाआधी मी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करून पाहा. आठ दिवस एक वही टॅबशेजारी ठेवली. टॅबने ज्या-ज्या वेळी अडवले त्या-त्या वेळी एक ओळ: काय करत होते, काय झाले. आठ दिवसांत एकवीस ओळी झाल्या. बारा चार्जिंगच्या. पाच 'जागा नाही' म्हणून आलेल्या सूचनांच्या. तीन वेळा ॲप उघडायला उशीर लागला, आणि तिन्ही वेळा जागा भरलेली होती. एक ओळ लेकीच्या अक्षरात: 'कॅमेरा भंगार आहे.' टॅबच्या कॅमेऱ्याने फोटो कोणी काढावेत, हा तिचा-माझा जुना वाद आहे.

वहीत जर 'ॲप चालत नाही', 'ही आवृत्ती आता चालणार नाही' अशा ओळी जास्त भरल्या असत्या, तर मी नवा घेतला असता, आणि जुन्यातले खाते काढून, तो पूर्ण पुसून मगच दुसऱ्याला दिला असता. खाते न काढता नुसता रिसेट केलेला टॅब पुढच्या माणसाच्या हाती कुलूपबंदच पोहोचतो. अगदीच बाद झालेला टॅब घंटागाडीत टाकायचा नसतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तू परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेसारख्यांकडूनही तो योग्य जागी जाऊ शकतो.

मी पुन्हा त्या दुकानात गेले. त्या मुलाला वही दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, मग मागचे झाकण गरम करून उघडले. बॅटरी जराशी फुगायलाच लागली होती.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "अजून दोन महिने गेले असते तर डिस्प्ले उचलला असता हिनं."

संध्याकाळी टॅब हातात मिळाला. त्याला अजून अपडेट मिळत आहेत. शेवटच्या अपडेटची तारीख मी मार्करने कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली. त्या रात्री आईने हरिपाठ लावला आणि ऐकता ऐकता झोपी गेली. सकाळी उठून पाहिले तेव्हा टॅब अजून सुरूच होता, आणि चार्जिंग अडतीस टक्के शिल्लक होते.